घाटावर बसून लाटेवर काम : लाट-ऊर्जा यंत्राच्या नियंत्रणाची सुरुवात कशी करावी

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना लाट-ऊर्जेचा प्रोजेक्ट सुचवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, आपल्याकडे समुद्र कुठाय?" समुद्र आंबा घाट उतरून रत्नागिरीला आहे. पण पहिलं वर्षभर तरी तिकडे जायचं काही कारण नाही. समुद्राच्या लाटेपासून वीज करणारी ही यंत्रं कशी चालवायची, म्हणजे त्यांचं नियंत्रण, हा भाग बहुतांशी वही, लॅपटॉप आणि पाण्याची छोटी टाकी यांवर होतो. त्यासाठी किनाऱ्यावर घर असायची गरज नाही.

हा लेख तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्प्रिंग-वस्तुमान-डॅम्परचं समीकरण माहीत असावं आणि पायथॉनमध्ये चार ओळी लिहिता याव्यात, एवढीच अपेक्षा.

आपल्या हातात नेमकं काय असतं?

कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. पाणी वर साठलेलं आहे. टर्बाइनची झडप किती उघडायची ते माणूस ठरवतो आणि गव्हर्नर ते सांभाळतो. लाटेत ही सोय नाही. बल दर तीन-चार सेकंदांनी दिशा बदलतं, मध्येच शून्य होतं, आणि पुढची लाट आत्ताच्यासारखीच असेल याची खात्री नसते. आपल्या हातात एकच गोष्ट उरते : या क्षणी जनरेटरनं यंत्राच्या हालचालीला किती विरोध करायचा. क्वचित विरोधाऐवजी ढकलायचंही. हा आकडा दर काही मिलिसेकंदांनी ठरवणं म्हणजेच इथलं नियंत्रण. पुढे जे येईल ते सगळं या एका आकड्याभोवती फिरतं.

पायरी पहिली : एकच यंत्र धरा

लाट-ऊर्जा यंत्रांचे प्रकार भरपूर आहेत. एडिनबरोच्या स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ मध्ये मांडलेलं 'डक', सापासारखं सांध्यासांध्यांचं पेलामिस, कोंडलेल्या हवेवर टर्बाइन फिरवणारे हवाकक्ष, आणि वर-खाली होणारा साधा बोया. नवख्यानं बोयाच धरावा. त्याची हालचाल एकाच दिशेत असते, त्यामुळे समीकरण एकच राहतं आणि चूक कुठे झाली ते सापडतं.

आपण लेखभर एकच बोया वापरू : उभा दंडगोल, व्यास ५ मीटर, पाण्याखालचा भाग ४ मीटर. तळाशी अँकर आणि मध्ये जनरेटर. समुद्रही ठरवून टाकू : लाटेची उंची १ मीटर, आवर्तकाल ८ सेकंद, आणि लाट अगदी नियमित.

पायरी दुसरी : लाटेचे आकडे

खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे आवर्तकालाचा वर्ग गुणिले १.५६. आपल्या ८ सेकंदांच्या लाटेची लांबी जवळपास १०० मीटर येते. नियमित लाटेची शक्ती, दर मीटर रुंदीला किलोवॅटमध्ये, साधारण उंचीचा वर्ग गुणिले आवर्तकाल. आपल्यासाठी ती ८ किलोवॅटच्या किंचित खाली येते.

इथे बरेच जण अडखळतात. खऱ्या, अनियमित समुद्रात 'सार्थ उंची' (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची) आणि 'ऊर्जा-आवर्तकाल' (तेवढीच ऊर्जा आणि शक्ती असलेल्या नियमित लाटेचा आवर्तकाल) हे आकडे दिलेले असतात. त्यांना हाच नियम लावला तर उत्तर दुप्पट येतं. अनियमित समुद्रासाठी वरच्या गुणाकाराच्या अर्धं घ्यायचं. म्हणजे सार्थ उंची १ मीटर आणि ८ सेकंद असेल तर ४ किलोवॅट. पावसाळ्यात ३ मीटर आणि ९ सेकंद धरले तर एकदम ४० किलोवॅट. कोकणच्या समुद्राचा स्वभाव या दोन आकड्यांत दिसतो. जून ते सप्टेंबर तो खवळलेला असतो आणि उरलेलं वर्ष बऱ्यापैकी निवांत. युरोपातल्या अटलांटिक किनाऱ्यासाठी बेतलेलं यंत्र इथे तसंच्या तसं का चालणार नाही, याचं अर्धं उत्तरही त्यात आहे. रोजचे अंदाज पाहायचे असतील तर हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था ते प्रसिद्ध करते. महिनाभर ते नुसते पाहत राहिलात तरी आकड्यांची सवय होते.

पायरी तिसरी : बोयाचा स्वतःचा ताल

बोया एक सेंटिमीटर खाली दाबला तर पाणी त्याला किती जोरानं वर ढकलतं? पाण्याची घनता, गुरुत्व आणि बोयाच्या छेदाचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करा. मीटरमागे सुमारे १९७ किलोन्यूटन येतात. ही आपली स्प्रिंग. बोयाचं वस्तुमान म्हणजे त्यानं बाजूला सारलेलं पाणी, साधारण ८० टन. बोया हलतो तेव्हा त्याच्याबरोबर भोवतालचं थोडं पाणीही हलतं, ते २५ टनांच्या आसपास धरू. एकूण १०५ टन.

आता शाळेतलं सूत्र लावा : नैसर्गिक आवर्तकाल ४.६ सेकंद. आणि लाट ८ सेकंदांची! मिरजेत सतारीच्या तरफा लावताना कारागीर प्रत्येक तार एकेका स्वराशी जुळवतो, मग तो स्वर वाजला की ती तार न छेडता बोलते. आपला बोया चुकीच्या स्वराला लावलेल्या तरफेसारखा आहे. लाट वाजते, पण तो बोलत नाही, नुसता पाण्याबरोबर वर-खाली होतो.

मग बोया जड करा की! हिशेब करून पाहा. ८ सेकंदांचा ताल हवा तर एकूण वस्तुमान ३२० टन लागतं, म्हणजे तिप्पट. तेवढं पोलाद आणि तेवढा खर्च. शिवाय उद्या लाट ६ सेकंदांची आली की पुन्हा बेसूर. म्हणून ताल वजनानं जुळवण्याऐवजी जनरेटरच्या बलानं जुळवायचा, ही नियंत्रणामागची मूळ कल्पना.

अजून एक आकडा लागतो. बोया हलला की तो स्वतःही लाटा उठवतो आणि त्यात थोडी शक्ती जाते. आपल्या बोयासाठी, ८ सेकंदांच्या तालावर, हे डॅम्पिंग साधारण ५ किलोन्यूटन दर मीटर-प्रतिसेकंद इतकं लहान निघतं. ते लहान असण्याचा त्रास पुढे दिसेल. चांगलं लाट-शोषक व्हायचं तर चांगलं लाट उठवणारंही असावं लागतं, असं नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे लाट-ऊर्जेचे अभ्यासक योहानेस फाल्नेस सांगत आले, ते याच आकड्याबद्दल.

बोयाबरोबर हलणारं पाणी आणि हे डॅम्पिंग, हे दोन गुणांक हातानं काढायचे नसतात. पायथॉनमधलं कॅपिटेन किंवा फ्रान्समधल्या नांतच्या एकोल सांत्रालचं नेमोह, दोन्ही मोफत आहेत आणि बोयाचा आकार दिला की आकडे काढून देतात. अमेरिकेच्या एनआरईएल आणि सँडिया या प्रयोगशाळांचं, अख्ख्या यंत्राचं सिम्युलेशन करणारं वेक-सिमही मोफत आहे, पण ते मॅटलॅब-सिम्युलिंकवर चालतं. कॉलेजकडे लायसन्स आहे का, ते प्रोजेक्टचं नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं मॉडेल स्वतःच लिहा. तयार सॉफ्टवेअरमध्ये आलेख लगेच येतो, पण तो तसाच का आला हे कुणी विचारलं की गाडी अडते.

मॉडेल लिहून झालं की आधी लाट बंद ठेवा, जनरेटर बंद ठेवा, बोया एक मीटर वर उचलून सोडून द्या. त्यानं ४.६ सेकंदांच्या आसपास डोलत हळूहळू शांत व्हायला हवं. डोलणं वाढत गेलं तर कुठेतरी चिन्ह उलटं आहे. तो दोष निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी चौथी : आधी मोजपट्टी तयार करा

सगळ्यात साधं नियंत्रण : जनरेटरचा विरोध वेगाच्या प्रमाणात ठेवायचा. वेग दुप्पट, विरोध दुप्पट. दिशा नेहमी हालचालीच्या उलट. याला पॅसिव्ह किंवा नुसतं डॅम्पिंग म्हणतात. यात ठरवायचा गुणांक एकच.

तो २० पासून ४०० पर्यंत (किलोन्यूटन दर मीटर-प्रतिसेकंद) वाढवत जा आणि प्रत्येक वेळी सरासरी शक्ती नोंदवा. गुणांक फार लहान असेल तर बोया मोकळा हलतो पण हाती काही लागत नाही. फार मोठा असेल तर बोया जखडून जातो. मध्ये एक टेकाड दिसलं पाहिजे. आपल्या बोयासाठी ते १७० च्या आसपास येतं आणि शिखरावर मिळतात सुमारे ७ किलोवॅट. बोया तेव्हा मध्यापासून ३७ सेंटिमीटरच वर-खाली होत असतो, लाटेच्या स्वतःच्या ५० सेंटिमीटर आयामापेक्षाही कमी. सुरुवातीची दहा-वीस आवर्तनं हिशेबात धरू नका, बोयाला लय पकडायला वेळ लागतो.

हे ७ किलोवॅट म्हणजे तुमची मोजपट्टी. पुढची प्रत्येक हुशार युक्ती या आकड्याशी भिडवायची. प्रोजेक्ट रिपोर्टांत सर्रास दिसणारी गोष्ट अशी की नव्या नियंत्रकाची तुलना गुणांक नीट न जुळवलेल्या डॅम्पिंगशी केलेली असते. 'तिप्पट वीज' वगैरे दावे तिथूनच येतात. टेकाडाच्या शिखराशी तुलना करा, पायथ्याशी नको.

पायरी पाचवी : रिअ‍ॅक्टिव्ह नियंत्रण, आणि त्याचा खरा हिशेब

इथे थोडं थांबू, कारण या विषयातली बरीचशी मौज आणि बरीचशी फसगत याच पायरीत आहे.

इलेक्ट्रिकलवाल्यांना कमाल शक्ती-हस्तांतरणाचा नियम आठवत असेल : लोडचा इम्पीडन्स स्रोताच्या इम्पीडन्सचा संयुग्मी (कॉन्जुगेट) असावा. लाट-यंत्राला तोच नियम लागतो. जनरेटरनं नुसता डॅम्पर न राहता थोडं स्प्रिंगसारखंही वागायचं, तेही उलट्या स्प्रिंगसारखं. बोया मध्यापासून दूर गेला की परत ओढण्याऐवजी त्याला आणखी दूर ढकलायचं. आपल्या बोयाची १९७ ची स्प्रिंग ८ सेकंदांच्या तालासाठी ६५ वर आणायची, म्हणजे जनरेटरनं उणे १३२ च्या आसपासची स्प्रिंग द्यायची. मग बोया लाटेच्या सुरात येतो.

वर-खाली होणाऱ्या गोल बोयासाठी सैद्धांतिक कमाल ठरलेली आहे : लाटेची लांबी भागिले २π, इतक्या रुंदीच्या लाटेतली शक्ती. म्हणजे ५ मीटर व्यासाचा बोया १६ मीटर रुंदीची लाट खाऊ शकतो! हा निष्कर्ष १९७० च्या दशकाच्या मध्यात एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अभ्यासकांनी काढला. आपल्या लाटेसाठी तो आकडा १२५ किलोवॅट होतो. ७ वरून १२५!

आता त्यासाठी बोयाला किती हलावं लागेल ते काढा. लाट उठवण्याचं डॅम्पिंग ५ इतकं लहान, म्हणून उत्तर येतं मध्यापासून ९ मीटर वर आणि ९ मीटर खाली. अर्ध्या मीटरच्या आयामाच्या लाटेत, चार मीटर बुडालेला बोया! तो कधीच हवेत उडालेला असेल. रेषीय गणिताला हे दिसत नाही, ते निमूटपणे १२५ छापून मोकळं होतं. छोट्या बोयाचा १२५ सारखा आकडा कुठेही वाचलात, तर शेजारी हालचाल किती लिहिली आहे ते आधी पाहा.

म्हणून मर्यादा घालू : मध्यापासून २ मीटरपेक्षा जास्त नाही. तरी सुमारे ५० किलोवॅट मिळतात. हेही ७ च्या सात पट आहेत. पण ते कसे मिळतात ते पाहा. जनरेटरमधून जाणारी शक्ती प्रत्येक आवर्तनात दोनदा +२६० किलोवॅटपर्यंत चढते आणि दोनदा −१६५ किलोवॅटपर्यंत उतरते. उणे म्हणजे त्या वेळी जनरेटर मोटर बनून समुद्राला वीज देतोय. या देवघेवीतून शेवटी हाती उरतात ते ५०.

आणि प्रत्येक देवघेवीवर दलाली आहे. जनरेटर आणि इन्व्हर्टर मिळून कार्यक्षमता ९० टक्के धरली तर निव्वळ वीज ३५ किलोवॅट. ८० टक्के धरली तर १९. आणि ७० टक्के धरली तर जेमतेम २ किलोवॅट! त्याच ७० टक्क्यांच्या जनरेटरवर साधं डॅम्पिंग ५ किलोवॅट देत असतं, कारण तिथे शक्ती एकाच दिशेनं जाते आणि दलाली एकदाच कापली जाते. हे चारही आकडे स्वतः काढून पाहा. वहीच्या एका पानाचं काम आहे आणि आयुष्यभर उपयोगी पडतं.

यातून कामाचा नियम असा निघतो : जनरेटर जितका अकार्यक्षम, तितका उलट्या स्प्रिंगचा भाग कमी ठेवायचा. तो भाग किती, हेच नियंत्रकानं शोधायचं, आणि शोधताना उद्दिष्ट 'शोषलेली शक्ती' न ठेवता 'तारेतून बाहेर गेलेली निव्वळ वीज' ठेवायचं. काही जणांनी दुसरी वाट काढली. स्वीडनच्या कॉरपॉवर कंपनीच्या बोयात हवेच्या दाबावर चालणारी उलटी स्प्रिंग यंत्रातच बसवली आहे, त्यामुळे ती देवघेव जनरेटरमधून जातच नाही. त्यांचा मोठा बोया २०२३ मध्ये उत्तर पोर्तुगालच्या अगुसादौराजवळ समुद्रात उतरला. २००८ मध्ये पेलामिसची तीन यंत्रंही त्याच भागात लावली होती.

पायरी सहावी : लॅचिंग

समुद्राला वीज परत द्यायची नसेल तर ब्रेक वापरा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेत शेल बुडाल आणि फाल्नेस यांनी ही पद्धत पुढे आणली. बोया सर्वांत वर (किंवा सर्वांत खाली) पोचला की वेग क्षणभर शून्य होतो. तिथेच त्याला पकडायचं, लाट पुढे सरकू द्यायची आणि नेमक्या वेळी सोडायचं.

किती वेळ धरायचं? लाटेचं अर्धं आवर्तन ४ सेकंद, बोयाचं स्वतःचं २.३ सेकंद. फरक १.७ सेकंद, तेवढंच थांबायचं. लाटेचं बल शिखरावर असेल तेव्हा बोयाचा वेगही शिखरावर हवा, म्हणून बलाच्या शिखराआधी सुमारे १.१५ सेकंद ब्रेक सुटला पाहिजे. लॅचिंग लावल्यावर चौथ्या पायरीतला १७० हा गुणांक तसाच ठेवू नका. तो बराच कमी करून पुन्हा टेकाड शोधावं लागतं. आणि बोया लाटेपेक्षा संथ तालाचा असेल तर लॅचिंगचा उपयोग नाही. तिथे उलट, थोडा वेळ जनरेटर पूर्ण सोडून देतात.

कागदावर हे फार देखणं दिसतं. कारखान्यात नेलं की मेकॅनिकलवाले दोन प्रश्न विचारतील. बोया २ मीटरवर धरून ठेवायचा तर स्प्रिंगचं बलच जवळपास ४० टन वजनाइतकं होतं, ते पेलणारा ब्रेक कोणता? आणि दर ४ सेकंदांनी एकदा म्हणजे दिवसाला २१,६०० वेळा पकडून सोडणारा ब्रेक किती महिने टिकेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सिम्युलेशनमध्ये ब्रेक एका क्षणात लागतो; तुमच्या मॉडेलमध्ये त्याला ०.१ सेकंद उशीर, मग ०.३ सेकंद उशीर देऊन पाहा आणि वीज किती घटते ते मांडा. असा तक्ता असलेला रिपोर्ट मला तरी दुसऱ्या कुठल्याही रंगीत आलेखापेक्षा जास्त आवडेल.

पायरी सातवी : लाट अनियमित करा

आतापर्यंत लाट ठोकळेबाज होती. आता स्पेक्ट्रमवरून (कोणत्या तालात किती ऊर्जा आहे ते सांगणाऱ्या आलेखावरून) अनियमित लाट बनवा : वेगवेगळ्या तालांच्या पन्नास-शंभर लहरी, प्रत्येकीची सुरुवात यादृच्छिक, सगळ्यांची बेरीज. एका यादृच्छिक बीजावर (रँडम सीडवर) निष्कर्ष काढू नका, किमान दहा-बारा बीजं घ्या आणि सगळ्या नियंत्रकांना तीच बीजं द्या.

इथे दोन नव्या अडचणी येतात. एक, तिसऱ्या पायरीतले गुणांक ताल बदलला की बदलतात, त्यामुळे एकच स्थिर डॅम्पिंग घालून भागत नाही. बोयानं मघाशी उठवलेल्या लाटांचा त्याच्यावर आत्ता परिणाम होत असतो. या 'आठवणी'चं समीकरण कमिन्स यांनी १९६२ मध्ये जहाजांसाठी मांडलं आणि आज लाट-ऊर्जेत तेच वापरतात. त्यातला संकलनाचा (इंटिग्रलचा) भाग छोट्या स्टेट-स्पेस मॉडेलनं बदलला की गणन हलकं होतं.

दुसरी अडचण मोठी आहे. सर्वोत्तम बल ठरवायला पुढच्या काही सेकंदांत लाट काय करणार ते आत्ता माहीत असावं लागतं. मघाच्या १.१५ सेकंदांत त्याची चुणूक दिसलीच. लाटेचं बल थेट मोजता येत नाही, म्हणून बोयाची हालचाल आणि जनरेटरचं बल मोजून कालमन फिल्टरनं त्याचा अंदाज घेतात, आणि मागच्या नोंदींवरून ऑटोरिग्रेसिव्ह मॉडेलनं पुढचे काही सेकंद वर्तवतात. दुरून आलेली लांब, शांत लाट बऱ्यापैकी वर्तवता येते. वाऱ्यानं जागच्या जागी उठलेली खळबळ मात्र नाही. पावसाळ्यात कोकणात दोन्ही एकत्र असतात, तेव्हा वर्तवणुकीचा पल्ला वाढवत नेऊन फायदा कुठे थांबतो ते तपासा.

मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे एमपीसी, हा इथला सध्याचा लाडका. दर दशांश सेकंदाला तो पुढच्या एखाद्या आवर्तनापुरता हिशेब मांडतो, हालचाल आणि बलाच्या मर्यादा पाळतो, पहिलंच पाऊल टाकतो आणि पुन्हा नव्यानं हिशेब करतो. पाचव्या पायरीतली २ मीटरची मर्यादा त्याला सांगता येते, ही त्याची खरी ताकद. पण पहिल्या दिवशी एमपीसीला हात घालू नका. डॅम्पिंग अधिक थोडी उलटी स्प्रिंग, असे दोनच गुणांक समुद्राच्या स्थितीनुसार बदलणारा नियंत्रक आधी करा. पुष्कळदा एमपीसी त्याच्या फार पुढे जात नाही आणि कारण समजायला हा साधा नियंत्रकच कामी येतो.

वेव्हस्टार या डॅनिश यंत्राच्या प्रतिकृतीवर नियंत्रकांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. तिथे गुण देताना सरासरी विजेबरोबर बल, हालचाल आणि शक्तीची टोकंही हिशेबात धरली होती. तुमच्या तक्त्यातही हे तीन रकाने असू द्या.

पायरी आठवी : शेततळ्यात

प्रयोगासाठी कृष्णेचा मोह टाळा. वाहतं पाणी आलं की लाटेचं गणित बिघडतं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागात द्राक्षवाल्यांची प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आहेत, पाणी स्थिर आणि खोल. ओळखीतून परवानगी मिळते.

प्रमाण १ : २५ घ्या. लांबी २५ नं भागायची, वेळ ५ नं, बल १५,६२५ नं आणि शक्ती ७८,१२५ नं. ५ मीटरचा बोया २० सेंटिमीटरचा होतो, म्हणजे शेतातल्या आठ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, बूच मारून आणि वाळू भरून ५ किलोचा केलेला. लाट ४ सेंटिमीटर उंच, आवर्तकाल १.६ सेकंद, लांबी ४ मीटर. पाणी २ मीटरपेक्षा खोल असलं की ते 'खोल पाणी' मानता येतं. लाट उठवायला बिजागरीची फळी आणि गाडीच्या वायपरची जुनी मोटर पुरते, कारण मिनिटाला ३७-३८ फेरेच हवेत. फळीपासून दूर जाताना लाट पसरते आणि मंदावते, शिवाय उतारावरून थोडी परत येते. म्हणून बोया काढून, नेमक्या त्याच जागी लाटेची उंची मोजून घ्या.

खरी अडचण घर्षणाची. ७ किलोवॅट या प्रमाणात ०.०९ वॅट होतात आणि जनरेटरचं कमाल बल जेमतेम ३०० ग्रॅम वजनाइतकं. मार्गदर्शक दांड्याच्या बेअरिंगनं १०० ग्रॅम खाल्ले तर तुम्ही नियंत्रक मोजत नसून बेअरिंग मोजताय. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत दांडा नीट सरळ आणि गुळगुळीत करून घ्या, घर्षण आधी वेगळं मोजा आणि मॉडेलमध्ये घाला. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांनी दोन मोटरी एकाच शाफ्टला जोडाव्यात : एक लाटेची नक्कल करते, दुसरी जनरेटर. नियंत्रक तपासायला हा बाक पुरेसा आहे.

शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की त्यावरून चढून बाहेर येता येत नाही. पोहणारे लोकही त्यात बुडाले आहेत. लाइफ जॅकेट, काठाला बांधलेला गाठी मारलेला दोर आणि वर उभा असलेला एक माणूस, याशिवाय जवळ जाऊ नका.

हवाकक्षाबद्दल थोडं

भारताचा अनुभव मुख्यतः याच प्रकाराचा आहे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम इथे आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं १९९१ मध्ये १५० किलोवॅटचा हवाकक्ष उभा राहिला. लाट कक्षात शिरली की हवा वर ढकलली जाते, ओसरली की आत ओढली जाते, आणि बेलफास्टच्या अ‍ॅलन वेल्स यांची टर्बाइन हवा कुठूनही आली तरी एकाच दिशेनं फिरते. तिथे नियंत्रणाच्या मुख्य दोऱ्या दोन : टर्बाइनचा फिरण्याचा वेग आणि जादा हवा सोडणारी झडप. मोठ्या लाटेत हवेचा झोत फार जोराचा झाला की वेल्स टर्बाइन 'स्टॉल' होते, म्हणजे हवा पात्यांना धरून वाहत नाही, आणि वीज अचानक पडते, म्हणून झडप वेळेवर उघडावी लागते. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू बंदराच्या बांधात २०११ पासून अशा १६ टर्बाइन बसवलेल्या आहेत.

बोयाच्या दिशेनं आपल्याकडे आयआयटी मद्रासनं २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळ 'सिंधुजा-१' समुद्रात उतरवलं, क्षमता १०० वॅट. आकडा वाचून हसू नका. आठव्या पायरीतले ०.०९ वॅट मोजताना घाम फुटला की १०० वॅट समुद्रात मिळवणं काय असतं ते कळेल.

पायरी नववी : वादळात काय?

वर्षातल्या थोड्याच दिवसांत समुद्र इतका चढतो की वीज विसरून यंत्र वाचवावं लागतं. अशा वेळी नियंत्रकानं आतापर्यंत शिकलेलं सगळं उलटं करायचं : बोयाचा ताल लाटेपासून मुद्दाम दूर न्यायचा, जेणेकरून तो पुन्हा चुकीच्या स्वराला लागेल आणि लाट त्याच्याखालून निघून जाईल. कोणत्या उंचीला या स्थितीत जायचं आणि किती खाली आल्यावर परतायचं, हे दोन वेगळे आकडे ठेवा. एकच ठेवलात तर यंत्र दोन स्थितींमध्ये उड्या मारत राहील.

आणि ब्लॉक-डायग्राम काढताना एक चौकट सगळ्यात आधी भरा : किनाऱ्याकडची केबल तुटली, नियंत्रकाची वीज गेली, तर ब्रेक लागलेला राहणार की सुटलेला? उलटी स्प्रिंग यांत्रिक असेल तर ती आपोआप निकामी होते का? उत्तर काहीही असो, ते स्प्रिंग, झडप आणि वजनानं घडलं पाहिजे. त्या क्षणी प्रोग्राम चालू नसेल.